घोंगडं घेऊन मुंडगोडला

आकाशकंदील उतरायच्या आत स्वेटरवाल्या निपाणीत हजर असायच्या. गठ्ठे सोडायचे, बांबू बांधायचे, दोरीला हँगर लटकवायचे, की एका दिवसात रस्त्याकडेला त्यांचा बाजार उभा. गाव त्यांना सरसकट 'नेपाळी बायका' म्हणायचं. आमचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. सोलापुरी चादरी, सतरंज्या, गाद्यांचं कापड आणि घोंगडी. वडिलांनी 1962 साली काढलेलं. थंडी पडली की आमचा गल्ला जरा फुगायचा आणि वडील रस्त्यापलीकडं बघून 'आल्या आमच्या पोटावर पाय द्यायला' म्हणायचे. तसं काही नव्हतं. स्वेटर घेणारं गिऱ्हाईक घोंगडं घेत नाही आणि घोंगडं पांघरणारा स्वेटर घालत नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. पण दुकानदाराला कुणाच्या तरी नावानं ओरडल्याशिवाय हंगाम सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

1988 पासून मी गल्ल्यावर बसायला लागलो. त्या बायकांतली एक साधारण माझ्याच वयाची. तिचा ठेला आमच्या भिंतीला लागून. पहिल्या वर्षी ती रात्री गठ्ठे राखत तिथंच झोपायची. दुसऱ्या वर्षी अवकाळी पाऊस आला तेव्हा आईनं तिचे गठ्ठे दुकानात ठेवून घेतले आणि मग तो शिरस्ताच पडला. रात्री गठ्ठे आत, सकाळी बाहेर. ती मला अण्णा म्हणायची, मी तिला ताई. बोलणं हिंदीत. गिऱ्हाइकाशी मात्र ती कन्नड बोलायची, आणि तिचं कन्नड माझ्याहून चांगलं होतं. ते मला खटकायचं. मी मराठी शाळेत शिकलेला निपाणीकर. कन्नड समजतं, बोलायची वेळ आली की जीभ अडते. खरं सांगायचं तर अडते त्यापेक्षा जास्त आम्ही ती अडवलेली असते.

ती नेपाळची नाही, मुंडगोडची तिबेटी, हे कळायला मला दोन हंगाम लागले. माल लुधियानाचा. तिथला व्यापारी उधारीवर देतो आणि हंगाम संपल्यावर पैसे घेतो. एवढी मोठी उधारी मी माझ्या सख्ख्या साडूलाही दिली नसती. जानेवारी सरत आला की ती गठ्ठे बांधायची, कारण त्यांचं नवं वर्ष, लोसार, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं आणि तेव्हा घरी असावंच लागतं. जाताना आईला एक स्वेटर देऊन जायची. आईच्या कपाटात असे एकवीस स्वेटर निघाले. तिनं एकही घातला नव्हता.

घोंगड्याची गोष्ट 2015 च्या डिसेंबरातली. त्या संध्याकाळी सनगर मामा चार घोंगडी टाकून गेले होते, ती मी घडी न करता तशीच गादीवर ठेवली होती. ताई गठ्ठे घेऊन आत आली आणि थांबली. एका घोंगड्याचा कोपरा तिनं अंगठा आणि बोटात धरून चोळला. मग नाकाला लावला. दुकानदारीत इतकी वर्षं गेली, पण घोंगडं हुंगणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहिलं. आमची गिऱ्हाइकं उलट 'वास मारतंय' म्हणून खाली ठेवतात.

'कुठल्या जनावराचं?'

'मेंढराचं.'

'रंग दिलाय?'

'नाही. मेंढरूच काळं.'

तिनं घोंगडं उलगडलं आणि मधला जोड शोधला. मामांच्या मागाची रुंदी कमी. दोन पट्ट्या विणायच्या आणि मधोमध शिवायच्या, तेव्हा एक घोंगडं होतं. त्या शिवणीवरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, 'हे आईला दाखवायला पाहिजे.' मी खरेदीच्या भावात देऊ केलं तर घेईना. म्हणाली, मी तुम्हाला स्वेटर कधी खरेदीत दिलाय का? गिऱ्हाईक भाव वाढवून मागतंय आणि दुकानदार कमी करतोय, असा सौदा आमच्या दुकानात तेवढा एकच झाला.

पुढच्या हंगामात ती निरोप घेऊन आली. आई ते घोंगडं पांघरत नाही, त्यावर बसते. दिवसभर बसते. आणि तिनं विचारलंय, हे विणणारी बाई कोण?

बाई नव्हे, बुवा, मी म्हटलं. आमच्याकडं बायका सूत काढतात, विणतो पुरुष. तिला फार हसू आलं. त्यांच्याकडं गालिचा विणणाऱ्या बहुतेक बायकाच. तिची आई आयुष्यभर गालिच्याच्या मागावर होती. ती स्वतःही लग्नाआधी सहा वर्षं विणत होती. गालिच्यापेक्षा स्वेटरात चार पैसे जास्त दिसले, म्हणून उठली.

आता सनगर मामांविषयी सांगायला हवं. सनगर म्हणजे घोंगडी विणणारी जात. निपाणीपासून दहाएक किलोमीटरवरच्या खेड्यात त्यांचं घर. मामा म्हणायचे ते सगळ्या गावाचे म्हणून. माझं नातं काही नाही, त्यांचे वडील माझ्या वडिलांना माल घालायचे एवढंच. लहानपणी वडिलांबरोबर मी तिथं जायचो तेव्हा गल्लीत पाच-सहा घरांत माग चालायचे. मला सगळ्यात आवडायचा तो खळीचा दिवस. चिंचोके भाजून, भिजवून, साल काढून, वाटून त्याची खळ शिजवलेली असायची. गल्लीभर ताणा पसरायचा, दोन्ही टोकांना खुंट्यांना ताणलेला, आणि मामांचे वडील हातात मोठा कुंचा घेऊन तो खळीत बुडवून ताण्यावरून चालत चालत फिरवायचे. वरून एकदा, खालून एकदा. एकही धागा दुसऱ्याला चिकटू द्यायचा नाही आणि एकही कोरडा ठेवायचा नाही. दुपारच्या उन्हात ताणा वाळून तारेसारखा कडक होईपर्यंत त्या गल्लीतून सायकलसुद्धा जात नसे. लग्नाची वरातही वळसा घालून जायची.

मग माग. घरातच जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. पाय खाली पावड्यांवर, हात वर धोट्यावर. मामा त्या खड्ड्यात वयाच्या बाराव्या वर्षी उतरले ते पासष्टीपर्यंत रोज उतरत होते. मी त्यांना विचारलं होतं, पाय भरून येत नाहीत का? तर म्हणाले, 'कमरेखालचं मी मागाला दिलंय, वरचं तेवढं घरच्यांला.'

गल्लीतले बाकीचे माग कसे बंद पडले त्याला एकच एक कारण नाही. आमच्या भागातलं दख्खनी मेंढरू लोकरीसाठी राखलं जायचं. एका कातरणीला पाव-अर्धा किलो लोकर मिळते, त्यामुळं एका घोंगड्याला आठ-दहा मेंढरं लागतातच. पुढं मटणाचा भाव चढला. धनगरानं माडग्याळची उंच, बाकदार नाकाची मेंढरं आणली; ती वजनाला भारी, पण अंगावर लोकर म्हणाल तर नावाला. उरलेल्या दख्खनी मेंढरांची लोकर कातरायची मजुरी लोकरीच्या पैशातून निघेना, तेव्हा लोक ती कातरून बांधावर टाकायला लागले. दुसरीकडून पानिपतची ब्लँकेटं आली, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांतून काढलेल्या सुताची. स्वस्त, मऊ, लाल-हिरवी. ती मीच विकली. सनगरांच्या पोटावर पाय कुणी दिला असेल तर तो स्वेटरवाल्यांनी नव्हे, आमच्या गल्ल्यानं. आणि त्यात भर म्हणजे एका पावसाळ्यात माझ्या आळसानं माळ्यावरच्या बावीस घोंगड्यांना कसर लागली. कडुलिंबाचा पाला बदलायचा राहिला होता. खाली काढली तर चाळणी. मामांना सांगायला मी तोंड घेऊन गेलो. ते एवढंच म्हणाले, 'कसर तरी खातीया म्हणायची. माणसं कुठं घेत्यात?'

तर ताईच्या आईचा निरोप मी मामांना सांगितला. मामांनी तो दोनदा सांगायला लावला. मग विचारलं, 'ते मुंडगोड लांब हाय का?'

जानेवारी 2018 मध्ये, ताई हंगाम आवरून परत जात होती, तिच्याच पाठोपाठ आम्ही निघालो. माझी ओम्नी, पुढच्या सीटवर मामा, खांद्यावर घोंगडं. संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव, कित्तूर, धारवाड. हुबळी ओलांडून तडसला हायवे सोडला की उजवीकडं मुंडगोडचा रस्ता लागतो, आणि ऊस-तंबाखू बघून विटलेल्या डोळ्याला सागवान दिसायला लागतं. सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा प्रवास. मामा बेळगावच्या पुढं कधी गेले नव्हते. रस्त्यात मेंढरांचा कळप दिसला की गाडी हळू घ्यायला लावायचे, काच खाली करून बघायचे आणि 'ह्यांच्यातबी माडग्याळ घुसलंय' म्हणून काच वर करायचे.

मुंडगोडची तिबेटी वसाहत बसली 1966 साली. मी जन्मलो तेही तेच साल, आणि सीमाभागातल्या माणसाला ते वेगळ्याच कारणानं पाठ असतं. सेनापती बापटांनी मुंबईत उपोषण केलं, सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला, तो 1966 साली. दुसऱ्या वर्षी अहवाल आला. त्यात निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावं असं म्हटलं होतं. तो महाराष्ट्रानं मानला नाही, आणि निपाणी आहे तिथंच आहे. आमच्याकडं या प्रश्नाला सगळेच 'भिजत घोंगडं' म्हणतात. वर्तमानपत्रवाल्यांना तो शब्द अलंकारिक वाटत असेल. ज्यानं आषाढात भिजलेलं घोंगडं पिळायचा प्रयत्न केलाय त्याला कळतं: दोन माणसांना उचलत नाही, आठ-आठ दिवस वाळत नाही, आणि घरभर मेंढरांचा वास सुटतो.

तेव्हाच्या म्हैसूरचे मुख्यमंत्री एस. निजलिंगप्पा. आमच्या घरात हे नाव कधी प्रेमानं घेतलेलं मला आठवत नाही. मुंडगोडला ताईच्या घरी चहा घेताना तेच नाव तिच्या आईनं हात जोडून घेतलं. त्यांच्या सरकारनं इथलं सुमारे 4000 एकर जंगल या लोकांना कसायला दिलं होतं. मी काही बोललो नाही. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि तेही काही बोलले नाहीत.

वसाहत म्हणजे नंबर घातलेले कॅम्प. मधे मक्याची शेतं, आणि गादेन व द्रेपुंग हे ल्हासाजवळचे जुने मठ इथं नव्यानं उभारलेले. दुकानांच्या पाट्या तिबेटी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत, एकीखाली एक. कुणी कुणाची पुसलेली नाही. पाट्यांवरून डोकी फुटलेली बघितलेल्या गावचे आम्ही, त्या पाट्या वाचत जरा हळूच चाललो.

ताईची आई तेव्हा चौऱ्याहत्तरची. ठेंगणी, गळ्यात पोवळं, दोन वेण्या पाठीवर एकत्र बांधलेल्या. तिथं सगळे तिला मोला म्हणायचे, म्हणजे आजी. दाराशीच तिनं मामांकडं बघून कन्नडमधून 'बर्री, कूडरी' म्हटलं. या, बसा. मामांचा चेहरा उजळला. सीमाभागातला सनगर तो. लोकर घ्यायला आयुष्यभर चिकोडी-हुक्केरीच्या बाजारात फिरलेला. त्याच्या तोंडात कन्नड आणि मराठी एकाच तांब्यातल्या पाण्यासारखं. मोलानं कन्नड शिकलं ते मक्याच्या शेतातल्या मजूर बायकांकडून. पुढचे दोन दिवस ती दोघं एकमेकांशी धडाधड बोलत राहिली, आणि आमच्या ओम्नीतला एकुलता एक पदवीधर अधूनमधून मान हलवत राहिला.

चहा आला तो लोण्याचा आणि मिठाचा. मामांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, कप संपवला. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, 'चहात साखरंच्या जागी मीठ पडलंय. बाईला सांगू नगासा, वाईट वाटंल.' मामा माळकरी. जेवायला ताईनं त्यांच्यासाठी वाफेवरचा पाव आणि बटाट्याची भाजी वेगळ्या भांड्यात केली होती. आम्ही येणार म्हणून भांडं नवं आणलं होतं.

विणायची शेड घरापासून चालत पाच मिनिटांवर. लांबोडी, पत्र्याची, दोन्ही बाजूंना खिडक्या. उभे माग रांगेनं. बरेचसे झाकून ठेवलेले, चार चालू. इथला माग उभा असतो, हे मामांना फोटोवरून सांगितलं होतं, पण त्यांना ते पटलं नव्हतं. आता ते त्याच्यापुढं उभे राहून आधी तो कुठून सुरू होतो तेच शोधत राहिले. कारण ताण्याला टोकच नाही. वरच्या आणि खालच्या दांड्याभोवती तो सलग फिरलेला असतो. समोरचा भाग विणून झाला की पाचरी सैल करायच्या आणि सगळा ताणा ओढून फिरवायचा. विणलेलं खालून मागं जातं, कोरं पुढं येतं. विणणारी जागची हलत नाही. ती एका फळीवर बसलेली, पाय जमिनीवर टेकलेले, आणि काम कायम छातीच्या उंचीला.

मोलानं बसून दाखवलं. ताण्यावर आडवी एक सळई धरली. लोकरीचा धागा ताण्याच्या दोन दोऱ्यांमागून घेतला, पुढं काढून सळईवरून टाकला, पुन्हा मागं. बोटं इतकी भराभर चालत होती की गाठ पडताना दिसतच नव्हती, फक्त सळई लाल होत जाताना दिसायची. मग निळी. मग पुन्हा लाल. ओळ संपली तशी तिनं लाकडी हातोड्यानं सळई ठोकून बसवली आणि सुरी घेऊन सळईवरून एका दमात या टोकापासून त्या टोकाला ओढली. सगळे फास कापले गेले, सळई मोकळी झाली, आणि मागं मखमलीची एक बारीक कड उभी राहिली. मामांच्या तोंडून 'आगं आई' निघालं. तिनं आडवे दोरे भरले, लोखंडी फणीनं ठोकले आणि पुन्हा सळई.

माझ्यातला दुकानदार जागा झाला. पट्टी मागून घेतली आणि एका तयार गालिच्याच्या पाठीवर इंचभर जागेत गाठी मोजल्या. आडव्या आठ, उभ्या सात. छप्पन्न. गालिचा तीन फूट बाय सहा फूट, त्यांच्या झोपायच्या बैठकीचं माप, त्याला ते खादेन म्हणतात. हिशेब केला तर एक लाख पंचेचाळीस हजारांवर गाठी. विणायला किती दिवस, असं मी विचारलं. महिनाभर, मधे दुखणंखुपणं नसेल तर. त्यानंतर कात्री घेऊन प्रत्येक फुलाच्या, ढगाच्या, सिंहाच्या कडेनं लोकर तिरकी कापत जायची, म्हणजे नक्षी उठून दिसते. ते आणखी वेगळं काम. मजुरी गालिच्याच्या मापावर.

मला वाटलं होतं ही कला मोलानं तिबेटमधून येताना बरोबर आणली असणार. तसं नव्हतं. गालिच्यासाठी नावाजलेलं गाव ग्यांत्से. हिचे आईवडील तिकडचे नव्हेत, याक राखणारे भटके. 1959 साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागून हजारो लोक आले, त्यात ही पंधरा वर्षांची. आधी हिमालयात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मुंडगोडला आली तेव्हा बावीस. गालिचा तिनं इथं, या वसाहतीत, एका म्हातारीकडून शिकला. ती म्हातारी ग्यांत्सेकडची. दिवसा जंगल साफ करायचं आणि शेतावर काम नसलं की विणायला बसायचं. दार्जिलिंगला 2 ऑक्टोबर 1959 रोजीच निर्वासितांचं स्वावलंबन केंद्र निघालं होतं. तिकडं नेपाळमध्ये स्विस मदतीनं निर्वासितांच्या वसाहतींत माग बसले आणि पुढं काठमांडूचा गालिचा जगभर विकला गेला. मुंडगोडचं त्या मानानं लहान काम. पण शेडच्या एका कोपऱ्यात तान्ह्या मुलांच्या झोळ्या बांधायचे आकडे अजून आहेत. विधवा, पायानं अधू, शेतावर न जाऊ शकणारी, जी कुणी असेल तिला इथं फळीवर जागा होती. मोलाचा नवरा वारला, तेव्हा ताई पाळण्यात. ती तिथंच, त्या आकड्याखाली वाढली.

मामांनी एक प्रश्न विचारला, तो मी कधीच विचारला नसता. 'ह्यात तुमच्या आईचं काय हाय?' मोला थोडी थांबली. मग घरी चला म्हणाली.

घरात तिच्या बैठकीवर गालिचा नव्हता. आमचं घोंगडं होतं. ती त्याच्या मधल्या शिवणीवर हात ठेवून सांगायला लागली, आणि ताईनं माझ्यासाठी हिंदी केलं. लहानपणी ते याकच्या केसांच्या काळ्या तंबूत राहायचे. तिची आई जमिनीवर ताणा ठोकून त्याच्या अरुंद पट्ट्या विणायची आणि पट्टीला पट्टी शिवून तंबू वाढवायची. जुनी पट्टी विरली की काढायची, नवी जोडायची. असाच काळा रंग, असाच खरखरीत हात, अशीच शिवण. असाच वास. गालिचा विणून तिनं मुलं वाढवली, पण तिचं आईचं घर म्हणायचं तर ते हे होतं. साठ वर्षांनी ते निपाणीहून आलं.

मामांनी खांद्यावरचं घोंगडं काढून तिच्यापुढं ठेवलं. हे जावळाचं, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीचं, मऊ. त्यांनी स्वतःसाठी राखलेलं. तिनं ते चोळलं, हुंगलं आणि मान हलवली. 'छलो ऐती,' म्हणाली, चांगलं आहे. पण मला ते पहिलंच बरं. हे फार मऊ. मामांना राग येईल असं मला वाटलं. ते खूश झाले. खरखरीत घोंगडं मुद्दाम मागणारं गिऱ्हाईक त्यांना वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा मागावर बसले. मोलानं त्यांच्या हातात धागा दिला. चारपाच गाठी झाल्या तशी तिनं सुरी घेतली आणि त्या कापून टाकल्या. पुन्हा. पुन्हा कापल्या. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पन्नास वर्षांवर विणलेला, शाळकरी पोरासारखा हसत बसला होता. सहाव्या-सातव्या वेळी तिनं कापलं नाही. त्या गाठी आजही कुठल्या तरी गालिच्यात असतील, सिंहाच्या शेपटीजवळ.

निघताना मामांनी चालू असलेल्या चार मागांकडं बघितलं आणि विचारलं, 'पोरी कुठं हायत?' सगळ्यात लहान विणणारी पन्नाशीची होती. ताई म्हणाली, बेंगळुरूला, दिल्लीला, कॅनडाला. तिची स्वतःची मुलगी नर्स आहे. मामांचा मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला. दोघांनी एकमेकांना ते सांगितलं आणि पुढं काही जोडलं नाही.

परतताना बेळगाव येईपर्यंत मामा गप्प होते. मग म्हणाले, 'त्यांचं एक बरं हाय. खड्ड्यात उतराय लागत न्हाई.'

पुढच्या दिवाळीत ताई आली ती ऑर्डर घेऊन. कॅम्पातल्या आणखी तिघी म्हाताऱ्यांना घोंगडी हवी होती. काळी, जाड, खरखरीत, दोन पट्ट्यांची, आणि शिवण दिसली पाहिजे. लोकरीसाठी मी आणि मामा पंधरा दिवस फिरलो. जिथं तिथं माडग्याळ. शेवटी वेदगंगेच्या काठी एका शेतात मेंढरं बसवलेली दिसली, त्यात साठेक दख्खनी होती. धनगर म्हणाला, कातरून न्या, पैसे नकोत, कातरायची मजुरी तेवढी वाचू दे माझी. मामांनी पैसे दिले. फुकटची लोकर मागावर चढत नाही म्हणाले. सूत काढायला दोन आज्ज्या मिळाल्या. त्यातल्या एकीला मोतीबिंदू होता, पण तिचंच सूत जास्त सारखं निघालं.

ताणा तयार होता, खळ लागली होती, आणि मामांचे गुडघे बसले. डॉक्टरांनी मांडी घालायची नाही, खड्ड्यात तर मुळीच उतरायचं नाही असं सांगितलं. महिनाभर ताणा तसाच गुंडाळून माझ्या माळ्यावर, कडुलिंबाच्या पाल्यात. पाला मी दर आठवड्याला बदलत होतो.

मग एका सकाळी मामांचा फोन आला. गल्लीतल्या सुताराला घेऊन ये, येताना त्याची पट्टी विसरू नको म्हण. आम्ही गेलो तर मामांनी मागाचे खांब उपटून भिंतीशी उभे केलेले, खड्डा मातीनं बुजवलेला. माग तोच ठेवायचा, पण चौकटीवर उचलून घ्यायचा होता. बसायला फळी. मामा पलंगाच्या कडेवर बसले, पाय जमिनीला टेकवले, हात धोट्याला असावेत तसे पुढं धरले आणि सुताराला म्हणाले, माप घे. सुतारानं जमिनीपासून मोजलं. सतरा इंच.

'सोळा कर,' मामा म्हणाले. 'चप्पल घालून बसलोय.'